सिंकचा नळ टपटप गळूलाय, बदलू की दुरुस्त होईल?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव वडगावला. किचनच्या सिंकवरचा नळ गळूलाय. सिंगल लिव्हरचा आहे म्हणजे एकच दांडी, डावीकडं केली की सोलरचं गरम आणि उजवीकडं गार, वास्तुशांतीच्या आधी हौसेनं बसवलेला. आता बंद केला तरी तोंडातून थेंब थेंब चालूच असतंय, दांडी जोर लावून खाली दाबली की थांबतं, तासाभरानं परत सुरू. शिवाय धार पण बारीक झालीय आणि वाकडी पडते, भांडी घासताना सगळे शिंतोडे अंगावर. सासूबाई म्हणतात नळ गळणाऱ्या घरात पैसा टिकत नाही, आता पैसा टिकत नाही ते नळामुळं की काय ते देव जाणे पण रोज ऐकून घ्यायला लागतंय.

प्लंबर आला, दांडी एकदा वरखाली केली आणि "हळेद बिडरी, होसाद हाकूनरी" (जुनं सोडा, नवीन बसवूया) म्हणून मोकळा. नवीन किती म्हटलं तर साडेतीन ते चार हजार, मजुरी वेगळी. मिस्टर म्हणतात होऊ दे एकदाचं. मला वाटतं एवढं पितळेचं धूड नुसत्या थेंबासाठी फेकून द्यायचं?

पाण्याचं सांगते, कार्पोरेशनचं पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा खालच्या संपात साठवतो, कमी पडलं की बोअर, दोन्ही मोटरनं वरच्या टाकीत. आम्ही पहिल्या मजल्यावर, आमच्या डोक्यावर लगेच स्लॅब आणि स्लॅबवर टाकी. दुरुस्त होत असेल तर कसं, आणि नाहीच झालं तर कुठला घ्यायचा ते सांगा. रविवार पेठेत एका दुकानात बघून आले, इतके प्रकार दाखवले की डोकं गरगरलं.

उद्यमबागचे_काका

ताई, मिस्टरांना म्हणावं आठवडाभर थांबा. बॉडी खरी पितळेची असेल तर तिला वर्षानुवर्षं सहसा काही होत नाही, खराब होतो तो आतला कार्ट्रिज आणि तो सुटा मिळतो. मी फाउंड्री लाईनमध्ये जन्म काढला, पितळेचं कास्टिंग एकतर पहिल्याच दिवशी गळतं (आत हवेचा फुगा राहून बारीक भोक पडलेलं असतं) नाहीतर सहसा गळत नाही. तुमचा इतके दिवस चालला म्हणजे बॉडी ठीक.

कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकची डबी, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या आरशासारख्या गुळगुळीत असतात म्हणून मध्ये रबर नसतानाही पाणी अडतं. आता तुमचं पाणी बघा. रस्त्यातली लाईन मधले दिवस कोरडी, पाणी सोडलं की आधी हवा येते, मग गंज आणि माती, मग पाणी. ते सगळं संपात, संपातून टाकीत, टाकीच्या तळाला गाळ. त्यात बोअरचा क्षार. वाळूचा एक कण त्या चकत्यांच्या मध्ये गेला की चरा पडला, आणि चरा पडलेली चकती कितीही दाबा, पाणी सोडणारच. दाबल्यावर तात्पुरतं थांबतं हीच त्याची खूण. उगाच जोर लावू नका, दांडीची मान तुटली तर मग खरंच नवीन घ्यायला लागेल.

पण आधी नक्की कुठून गळतंय ते कोरड्या फडक्यानं सगळा नळ पुसून बघा. बंद असताना तोंडातून येतंय तर कार्ट्रिज. चालू असताना फिरत्या तोटीच्या बुडातून येतंय तर ओ-रिंग (रबराची गोल कडी), पाच-दहा रुपयांचं काम. दांडीच्या खालून येतंय तर कदाचित आतला मोठा नट नुसता ढिला झाला असेल. आणि सिंकखालच्या कपाटात ओल असेल तर कनेक्शन पाईपचा वायसर. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि प्लंबरनं यातलं काहीच बघितलं नाही असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय.

खोलायचं असं. सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक (भिंतीतून नळाला येणारं पाणी बंद करायच्या छोट्या तोट्या) बंद करा, मग नळ उघडून आतलं पाणी जाऊ दे. सिंकच्या भोकात फडकं कोंबा, हे विसरू नका, बारका स्क्रू एकदा भोकात गेला की खालचा बाटली ट्रॅप खोलत बसावं लागतं. दांडीवर लाल-निळं बटण असतं ते नखानं किंवा सुरीच्या टोकानं हळूच उचका, आत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारका स्क्रू) दिसेल, अ‍ॅलन कीनं सोडवा, बहुतेक अडीच किंवा तीन एमएमची लागते. दांडी वर ओढून काढा, खालची चकचकीत टोपी हातानं फिरते, नाही फिरली तर रबरी हातमोजा घालून. त्याच्या खाली पितळेचा मोठा नट, तो पान्यानं. मग कार्ट्रिज सरळ वर येतो. त्याच्या बुडाला दोन टोकं बाहेर आलेली असतात, ती बॉडीच्या खाचेत कुठं बसली होती त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खाली रबराचे तीन वायसर, एखादा बॉडीतच चिकटून राहतो, तो काढल्याशिवाय नवीन बसवला तर गळती दुप्पट.

जुना कार्ट्रिज घेऊनच दुकानात जा. साधारण ३५ किंवा ४० एमएमचा असतो, पण नुसत्या मापावर जाऊ नका, बुडाची टोकं आणि दांडी बसायचा चौकोन पण जुळायला पाहिजे.

आणि थेंबाचा हिशोब सांगतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब. एक मिलीला वीस थेंब धरले तरी चार लिटरच्या वर पाणी रोज गटारात. सासूबाईंना सांगू नका.

पुण्यातला_बेळगावकर

काका एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन घ्या की. ऑनलाईन मस्त पुल-आऊटवाले येतात, तोंड ओढून बाहेर काढायचं, शॉवरसारखं पण होतं, काळ्या मॅट फिनिशमध्ये पण आहेत. मी इथं फ्लॅटमध्ये बसवलाय, एक नंबर. जुन्या नळात कार्ट्रिज घालून किती दिवस ढकलणार. हार्डवेअरवाले आणि प्लंबर दोघंही फसवतात, ऑनलाईनला निदान रिव्ह्यू तरी असतात.

निपाणी_हार्डवेअर

भावा, तुझ्या फ्लॅटवर टाकी सात-आठ मजले वर असंल, न्हाईतर प्रेशर पंप असंल. वहिनींच्या डोक्यावर लगेच स्लॅब आणि स्लॅबवर टाकी. हिशोब करून बग. पाण्याची दहा मीटर उंची म्हंजे साधारण एक बार प्रेशर. यांच्या टाकीतल्या पाण्यापास्नं नळाच्या तोंडापर्यंत धरलं तर तीन-साडेतीन मीटर, म्हंजे पाव बारच्या जरा वर. लई सिंगल लिव्हर मिक्सरच्या (गरम-गार मिसळणाऱ्या नळाच्या) खोक्यावर अर्धा न्हाईतर एक बार तरी पायजे म्हणून लिवलेलं असतंय, ते कोण वाचत न्हाई. त्यात पुल-आऊटची ती बारकी लवचिक नळी, बोअरच्या पाण्यात तिच्या तोंडाची भोकं चार महिन्यात पांढरी. मग गिऱ्हाईक आमच्याकडं येऊन नळ खराब दिला म्हणतंय. आणि आम्ही फसवतोय म्हणालास ते ऱ्हाऊ दे, रिव्ह्यू लिवणाऱ्याच्या घरात कुठलं पाणी येतंय ते तुला ठावं हाय काय?

वहिनी, तुमची बारीक धार आणि वाकडी पडणं ह्याचा कार्ट्रिजशी बहुतेक संबंध न्हाई. नळाच्या तोंडाला जाळी असतीया बगा, ती भरलीय. हातानं उलटी फिरवून काढा, न्हाई निघाली तर फडकं गुंडाळून पक्कडनं, नुसती पक्कड लावली तर क्रोम जातंय. आत वाळू आणि क्षाराचे खडे निघत्यात. व्हिनेगरमध्ये न्हाईतर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रातभर ठेवा, सकाळी जुन्या ब्रशनं घासा. संडास धुवायचं ॲसिड अजिबात लावू नका, क्रोम उडून खालचं पिवळं दिसतंय, आणि तारेची घासणी बी नको. एवढ्या कमी प्रेशरला जाळी न लावता चालवलं तरी चालतंय, फक्त धार जरा फुटती.

आता नवीन घ्यायचंच झालं तर माझं मत. दुकानदार म्हणून सांगायला नको खरं, पण सिंकला मिक्सर ही तुमच्या घरात चैन हाय. गरम पाणी सिंकवर किती वेळा लागतंय? दोन सुटे सिंक कॉक बसवा, फिरत्या तोटीचे, गारचा एक आणि गरमचा एक. एक बिघडला तर दुसरा चालू. हजार-दीड हजारात पितळेचा चांगला येतोय. जॅग्वार, सेरा, हिंडवेअर, पॅरीवेअर काय बी घ्या, महत्त्वाचं म्हंजे त्याचा कार्ट्रिज न्हाईतर स्पिंडल (चावीच्या आतला फिरणारा भाग) तुमच्या गावात सुटा मिळतोय का ते विकत घेताना विचारा. "हाय हाय मिळतंय" म्हणाला तर म्हणायचं, दाखव. आयएसआयचा शिक्का बगा, पितळेच्या ह्या फॅन्सी नळांना आयएस ८९३१ असतंय. बाजारात झिंकच्या मिश्रधातूचे बी हाईत, वरनं तसंच चकाचक दिसतंय, पाणी लागून लागून आट्यापाशी भुगा होतोय आणि एक दिवस तोटी हातात. आट्याच्या बाजूनं आत बगा, पितळेचा पिवळा रंग दिसला पायजे.

खानापूरची_माई

मला एवढं मशिनचं कळत नाही पण एक सांगते. आमच्याकडं जांभ्यातली विहीर, पाण्याला क्षार नाही पण लोखंड आहे, सिंक तांबडं पडतं आणि नळाच्या तोंडाला तांबडी राप बसते. म्हणजे बेळगावात पांढरं आणि आमच्यात तांबडं. आमच्या घरी प्लॅस्टिकचा पांढरा नळ आहे, पीटीएमटी का काय म्हणतात तो, दोन-तीनशेचा, गंजत नाही, तांबडा डाग लिंबानं जातो. दिसायला नाही बरा पण माझ्या भांड्यांना काय कळतंय.

नळ घेताना तोंडाची उंची बघून घे हो. आमच्या सुनेनं वाकडा बुटका घेतला, खाली मोठं पातेलं मावत नाही. कुंदा केलेली कढई तर तिरकी करून धुवावी लागते. दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं भांडं किती उंच ते मापून जा.

उद्यमबागचे_काका

माईंची गोष्ट लाखाची, उंची कोणी बघत नाही. पण फार उंच पण नको, सिंक उथळ असलं आणि वरून धार पडली की ओट्यावर तळं. आणि तोटीचं तोंड सिंकच्या भोकाच्या आसपास यायला पाहिजे, मागच्या काठाला नको.

प्लॅस्टिकचा नळ गारला चालेल, गरम लाईनला मी बसवणार नाही. सोलरचं पाणी उन्हाळ्यात दुपारी हात लावू देत नाही.

निपाणीकरांनी प्रेशरचं बरोबर सांगितलं, एक भर घालतो. टाकीतून खाली येणारी लाईनच अर्धा इंची असेल आणि त्यावर चार एल्बो (पाईपची वळणं), तर कुठलाही नळ लावा धार तेवढीच. टाकीपासून पाऊण किंवा एक इंची आणून सिंकपाशी अर्धा इंची केली तर फरक कळतो. अर्थात भिंत फोडायची नसेल तर हे सोडून द्या.

वडगावची_सून

बापरे एवढं सगळं! मिस्टरांना वाचून दाखवलं, त्यांनी सुट्टीच्या दिवशी पाना काढला. आधी जाळी काढली, निपाणीच्या दादांनी सांगितलं तस्संच, आतून खडे आणि एक हिरवं टेपचं चिंधूक निघालं. लिंबूसत्वात ठेवून बसवली, धार सरळ पडूलीय, शिंतोडे बंद. एवढ्यासाठी मी महिनाभर ॲप्रन घालून भांडी घासूलते.

पण थेंब चालूच, म्हणजे कार्ट्रिजच. आता अडचण अशी की सिंकखालचा एक अँगल कॉक, गरमचा, बसवल्यापासून कोणी फिरवलेलाच नाही, तो घट्ट जाम. मिस्टर पाना लावूलते, मी नको म्हटलं, भिंतीतला पाईप तुटला तर? लाईन सीपीव्हीसीची आहे, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाईप, पांढरट-पिवळा. आणि दुसरं, कधी कधी बाथरूमच्या गार नळाला पण कोमट पाणी येतंय, त्याचा ह्या नळाशी काही संबंध?

उद्यमबागचे_काका

नको म्हटलात ते फार चांगलं केलंत. सीपीव्हीसीच्या भिंतीतल्या एल्बोला आतून पितळेचे आटे बसवलेले असतात, अँगल कॉकवर जोर दिला की कॉक फिरत नाही, ते आतलं पितळ प्लॅस्टिकमध्ये फिरतं, मग टाईल फोडण्याशिवाय उपाय नाही. टाकीवरून येणारा मेन व्हॉल्व्ह आणि सोलरचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा एखादा नळ उघडून लाईन रिकामी करा आणि मग नळ खोला. जाम कॉकचं बघायचं झालं तर एका पान्यानं कॉकची बॉडी धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं फक्त वरची दांडी, थोडं इकडं थोडं तिकडं. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी सगळे अँगल कॉक एकदा बंद-चालू करत जा म्हणजे जाम होत नाहीत.

कोमट पाण्याचा संबंध असू शकतो. सिंगल लिव्हरमध्ये गरम आणि गार एकाच डबीत येतात. डबीच्या आतलं सील गेलं की नळ बंद असताना सुद्धा एका लाईनचं पाणी दुसरीत सरकतं, ज्या बाजूला प्रेशर कमी तिकडं. आधी कार्ट्रिज बदला आणि बघा. तरीही येत राहिलं तर सोलरच्या गरम लाईनला आणि मिक्सरच्या गारच्या फांदीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आहे का ते विचारा, तिकडचा प्रश्न असेल.

पुण्यातला_बेळगावकर

ठीक आहे काका, पण फिल्टर लावला तर? सगळं भांडण मातीवरून आहे ना.

निपाणी_हार्डवेअर

हे मात्र बरोबर बोललास. टाकीच्या आउटलेटला वाय स्ट्रेनर बसवा, आत स्टीलची जाळी असतीया, नट खोलून धुता येतीया. पण लक्षात ठेवा, जाळी लई बारीक घेतली तर तुमचं पाव बार प्रेशर बी तिथंच संपतंय, आणि धुतली न्हाई तर सहा महिन्यात सगळ्या घराचं पाणी बंद. क्षार ह्यानं जात न्हाई, माती आणि वाळू अडती फक्त. अथणी, रायबागकडची गिऱ्हाईकं क्षारासाठी काय तरी द्या म्हणत्यात, त्यांना मी नळाला जाळी न लावता आणि वायसरवाला जुन्या पद्धतीचा नळ घ्या म्हणून सांगतोय. सिरॅमिकपेक्षा रबरी वायसर बरा तिथं, गळायला लागला की दोन रुपयाचा वायसर, घरातलं पोरगं बी बदलतंय.

टाकी धुताना एक करा वहिनी. धुतल्यावर आधी बाथरूमचा बादलीचा नळ मोठा सोडून द्या, पाणी स्वच्छ आलं की मगच सिंकचा उघडा. न्हाईतर सगळा ढवळलेला गाळ नवीन कार्ट्रिजमध्ये. तसंच कार्ट्रिज बदलल्यावर जाळी न लावता दोन मिनिटं पाणी सोडायचं आणि मग जाळी.

वडगावची_सून

झालं एकदाचं. ४० एमएमचा निघाला. रविवार पेठेतल्या दुकानदारानं आधी दुसराच दिला, शेजारी ठेवून बघितलं तर बुडाची टोकं वेगळीच, परत केला. योग्य तो मिळाला चारशेच्या आतबाहेर. काकांनी सांगितलेला तो वायसर खरंच बॉडीत चिकटून बसला होता! आता थेंब नाही. बाथरूमचं कोमट पाणी अजून बघते, ढगाळ असल्यानं सोलर तापलंच नाही. एकच, नवीन दांडी फिरवायला घट्ट वाटते, मिस्टर म्हणतात व्हॅसलीन लावू, लावू का?

उद्यमबागचे_काका

व्हॅसलीन नको, खोबरेल पण नको. पेट्रोलियमवाल्या ग्रीसनं तसलं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब मिळते ती, तीसुद्धा फक्त ओ-रिंगला, चकत्यांच्या मध्ये काही घालू नका. आणि घट्ट असण्याचं कारण बहुतेक तो मोठा नट जास्त आवळला असेल, पाव फेरा मागं घ्या, दांडीच्या खालून पाणी येत नाही तोवर ढिला करायला हरकत नाही.

संकेश्वरचा_मास्तर

ह्याच विषयात विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आमच्या सिंकला दोन चाव्यांचा मिक्सर आहे, मध्ये एक तोटी. तोही गळतो. कुठली चावी खराब आहे हे न खोलता कळेल काय?

निपाणी_हार्डवेअर

कळंल की मास्तर. सिंकखालचा गरमचा अँगल कॉक बंद करा आणि दहा मिनिटं बगा. थेंब थांबला तर गरमची चावी, न्हाई थांबला तर गारची. तोटीत साचलेलं पाणी जरा वेळ पडतंय, तेवढं पडू द्या आधी. स्पिंडल काढून घेऊन या, डाव्या-उजव्या चावीचे स्पिंडल काही कंपन्यांचे उलट फिरत्यात, त्यामुळं कुठल्या बाजूचा त्यावर मार्करनं लिवून आणा.